ताडोबाच्या वेशीवरचा मुक्काम: जेवण आदल्या दिवशीच ठरवा

ताडोबाला जायचं ठरलं की सगळं लक्ष सफारीवर असतं. कोणतं फाटक घ्यायचं, सकाळची फेरी की दुपारची, पिल्लांची वाघीण सध्या कोणत्या पाणवठ्यावर दिसते. मुक्कामाची जागा उरलेल्या वेळात फोटो बघून ठरते आणि जेवण तर ‘तिथे मिळेलच’ म्हणून सोडून दिलेलं असतं. मिळतंही. पनीरची लाल भाजी, मिक्स व्हेज, जिरा राइस, डाळ तडका, शेवटी गुलाबजाम. पण हे जेवायला ताडोबाजवळच्या चिमूरपर्यंत यायची गरज नाही. जी काकू ती पनीरची भाजी ढवळत असते, तिच्या स्वतःच्या घरी त्या रात्री अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर असते, आणि ती भाजी ती फार सुरेख करते.

इथलं उत्तम जेवण मागावं लागतं, आणि तेही आदल्या दिवशी. गोवऱ्या वाळलेल्या हव्यात, हरभऱ्याच्या डाळीचा भरडा दळलेला हवा, मांडे (मडक्यावर भाजायच्या मोठ्या पातळ पोळ्या) करणारी बाई गावातून बोलवावी लागते, गावरान कोंबडी कुणाच्या तरी अंगणातून आणावी लागते. संध्याकाळी सात वाजता ‘आज काही लोकल मिळेल का?’ असं विचारलं तर हो म्हणतील आणि घाईघाईत चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकर, करून देतील. चून-भाकरही छानच लागते, पण बाकी सगळं हुकतं.

आधी भूगोल समजून घ्या. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं, अंधारी अभयारण्य १९८६ चं, आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा क्षेत्र सुमारे सव्वासहाशे चौरस किलोमीटर आहे. त्याच्याभोवती बफर, आणि बफरमध्ये गावं, धानाची शेतं, तलाव. राहण्याच्या जागा याच पट्ट्यात किंवा त्याच्या कडेला आहेत. मोहर्ली, आगरझरी, देवाडा ही बाजू चंद्रपूरला जवळ, म्हणून मासळी, मटण, ताजी भाजी रोज येऊ शकते. कोलारा, मदनापूर, अलीझंझाकडे नागपूरहून उमरेड, भिवापूर, चिमूर असं उतरावं लागतं. त्या बाजूला बहुतेक स्वयंपाकघरं आठवडी बाजारावर चालतात. बाजार कोणत्या वारी भरतो हे फोनवरच विचारून घ्या. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पालेभाजी, कोवळी वांगी, शेंगा असतात. पाचव्या-सहाव्या दिवशी आलू, कांदा आणि डाळी उरतात. कडधान्याचे पदार्थ, पाटवडी (रश्शातली बेसनाची वडी), गोळाभात (भरड्याचे गोळे घातलेला भात) या दिवसांसाठी ठेवायचे, आणि भरीत-भाजी बाजाराच्या लगतच्या दिवशी. गाभ्यातल्या सफारी मंगळवारी बंद असतात. त्या दिवशी स्वयंपाकघराला श्वास घ्यायला वेळ असतो, म्हणून वेळखाऊ पदार्थ मंगळवारी मागितले तर सगळ्यात चांगले होतात.

जागा निवडताना मोठा आकार टाळा. सहा ते दहा खोल्यांचं, मातीच्या भिंतींचं, कवेलूच्या छपराचं ठिकाण किंवा गावातलं घरगुती मुक्कामाचं घर, यांत जेवणाची खात्री जास्त. खोल्या वाढल्या की बुफे येतो, आणि बुफे आला की रस्सा दोन तास शेगडीवर आटत राहतो, भाकरी डब्यात कडक होतात. पंधरा माणसांपर्यंत पंगत वाढता येते. त्यापुढे कितीही चांगला आचारी असला तरी गरम भाकर ताटात पडत नाही.

फोनवर विचारायचे प्रश्न थोडेच आहेत, पण त्यांवरून बरंच कळतं. स्वयंपाक कोण करतं, गावातली माणसं की बाहेरून आणलेले आचारी? चूल आहे की फक्त गॅस? चूल असेल तर जळण काय? इथे ‘जंगलातलं लाकूड’ असं उत्तर आलं तर ते मला अजिबात आवडत नाही. पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडं), तुराट्या (तुरीची वाळकी झाडं), गोवऱ्या हे सगळं शेतातून आणि गोठ्यातून मिळतं, आणि भरिताला आणि रोडग्यांना (गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे) तेच लागतं. त्यासाठी बफरमधलं झाड तोडायचं कारण नाही. पुढचा प्रश्न पाण्याचा. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, त्यामुळे बोअरचं पाणी गाळून उकळलं एवढं पुरत नाही. उकळल्याने फ्लोराइड जात नाही. पिण्यासाठी आरओचं पाणी आहे का, हे सरळ विचारा. आणि वीज गेली तर फ्रिज कशावर चालतो? एप्रिल-मे मध्ये इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. चार तास वीज नसेल तर आदल्या दिवशीचं चिकन आणि मोकळं ठेवलेलं पनीर दोन्ही धोक्याचं. उन्हाळ्यात मांसाहार हवा असेल तर त्याच दिवशी आणलेला, नाहीतर नको.

सफारीच्या वेळांवर सगळा स्वयंपाक फिरतो. उन्हाळ्यात सकाळची फेरी साडेपाचच्या सुमारास सुटते, हिवाळ्यात थोडी उशिरा, पण फाटकावर आधी पोचून ओळखपत्रं दाखवायची असतात. म्हणजे चहा साडेचारला. त्या वेळी पोटात फार काही घालू नका. फाटकाच्या आत चार-साडेचार तास उघड्या जिप्सीत, खडबडीत रस्त्यावर बसायचं असतं, हवं तेव्हा उतरायची सोय नसते. रात्री सावजी मटण आणि पहाटे तर्री-पोहे, म्हणजे वर तिखट लाल रस्सा घातलेले पोहे, खाऊन गेलेला माणूस दोन तासांनी वाघापेक्षा स्वच्छतागृह शोधत असतो. पहाटे चहासोबत एखादा खारा बिस्किट, गूळ-शेंगदाणे किंवा मुठीएवढा राजगिऱ्याचा लाडू, एवढंच. बरोबर न्यायचं असेल तर स्टीलच्या डब्यात कोरडं काहीतरी न्या, म्हणजे तिखट-मिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या. प्लास्टिकच्या पिशव्या आणि वेष्टनं आत न्यायची नाहीत, आणि खायचं ते गाइड सांगेल तिथेच.

गाडी परत येते दहा-साडेदहाला. तर्री-पोहे या वेळेचे. दुपारची फेरी अडीच-तीनला निघते, त्यामुळे खरं जेवण साडेबारा-एकला. दिवसातलं सगळ्यात निवांत जेवण हेच. भरीत, मांडे, गोळाभात हे दुपारी मागवा. रात्री साडेसात-आठला हलकं: वरण-भात, एखादी भाजी, कढी. मुक्कामाच्या शेवटच्या रात्री, दुसऱ्या दिवशी सफारी नसेल तर रोडगे किंवा गावरान कोंबडी. ही क्रमवारी स्वयंपाकघरालाही सोयीची पडते, कारण चूल सकाळी नऊला पेटली तर बारापर्यंत तिचा आर, म्हणजे निखारा, छान बसलेला असतो.

आता पदार्थांकडे येऊ. सगळ्यात आधी रोडगे, कारण त्यांची तयारी सगळ्यात मोठी आणि चुका सगळ्यात जास्त.

दहा माणसांसाठी दोन किलो गव्हाचं पीठ लागतं, पण पोळीचं बारीक पीठ चालत नाही. रवाळ, जाडसर दळलेलं हवं. त्यात वाटी-दीड वाटी कडकडीत तेलाचं मोहन, दोन चमचे ओवा, चवीला मीठ, आणि पाणी बेताचं. पीठ घट्ट, पुऱ्यांच्या पिठापेक्षाही घट्ट मळायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. मग छोट्या तीन-चार पुऱ्या लाटून, प्रत्येकीला तेल लावून एकीवर एक ठेवायच्या, आणि त्या सगळ्या एका जाड पारीत गुंडाळून गोळा बंद करायचा. भाजल्यावर आतून पदर सुटतात ते या पुऱ्यांमुळे. एवढ्या पिठात मोठ्या लिंबापेक्षा बरेच मोठे, साधारण वीस रोडगे होतात. माणशी दोन पुष्कळ झाले.

जाळ करायला तीस-चाळीस गोवऱ्या रचून पेटवायच्या. इथे घाई केली की सगळं बिघडतं. धूर थांबला पाहिजे, ज्वाळा बसल्या पाहिजेत, गोवरी आतपर्यंत लाल होऊन वर पांढरी राख धरली पाहिजे. याला पाऊण तास तरी जातो. ज्वाळा असताना रोडगे टाकले तर वरून काळे आणि आतून पीठ कच्चं. गोवऱ्या ओलसर असल्या तर धुराचा कडवट वास सगळ्या रोडग्यांना लागतो. पावसाळा संपल्यावर लगेच, ऑक्टोबरात गेलात तर ही शक्यता असतेच. निखारे पसरून रोडगे आधी वर ठेवायचे, फिरवत राहायचं. दहा-पंधरा मिनिटांत साल कडक होते आणि तिच्यावर तपकिरी डाग पडतात. ही साल धरल्याशिवाय ते राखेत पुरायचे नाहीत, नाहीतर राख पिठाला चिकटते आणि मग काही केल्या निघत नाही. साल धरली की गरम राख आणि बारीक निखाऱ्यांखाली अर्धा ते पाऊण तास. झाला की नाही हे हातात घेऊन कळतं: रोडगा हलका झालेला असतो, बोटाने ठोकला की पोकळ आवाज येतो आणि एखादी भेग पडलेली असते. जाड्याभरड्या फडक्याने राख झटकायची, गरम असतानाच दोन्ही हातांनी फोडायचा आणि चुरा करून त्यावर साजूक तूप सोडायचं. सोबत तुरीचं घट्ट वरण आणि वांगं-आलूची रस्साभाजी. तुपात काटकसर केली तर रोडगा घशात अडकतो.

पळसाच्या पानांमध्ये थापून आरावर भाजलेले पानगे हा याच घराण्यातला थोडा सोपा प्रकार. लोक कमी असतील तर पानगे मागा. दोन-तीन माणसांसाठी चाळीस गोवऱ्यांचा जाळ कुणी करत नाही, करूही नये.

आणि एक गोष्ट मुद्दाम: १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाचा वणव्याचा हंगाम. या काळात जंगलाच्या कडेला उघड्यावर जाळ करणं म्हणजे खेळ नव्हे. पानगळ झालेली असते, दुपारनंतर वारा सुटतो, एक ठिणगी सागाच्या वाळलेल्या पानांत पडली की पुरे. चांगले यजमान या महिन्यांत रोडग्यांना सरळ नाही म्हणतात, किंवा भिंतीआड खोल खड्ड्यात, बाजूला पाण्याचे दोन पिंप ठेवून करतात. नाही म्हणाले तर आग्रह करू नका. रोडग्यांचा खरा काळ नोव्हेंबर ते जानेवारी.

मांडे, म्हणजे लांब पोळी किंवा मडक्यावरची रोटी, बघणं आणि खाणं दोन्ही सुख आहे. गहू शक्यतो लोकवन, आणि पीठ सुती कापडातून गाळलेलं. कोंडा राहिला तर तो ताणलेल्या पापुद्र्याला आतून कापतो, आणि पोळी हातावरच फाटते. किलोभर पिठाला मीठ आणि पाऊण लिटरच्या आसपास पाणी, थोडं थोडं घालत. हे पीठ मळायचं नसतं, आपटायचं असतं. परातीत उचलून, ओढून, पुन्हा आपटून, वीस-पंचवीस मिनिटं. सुरुवातीला हाताला चिकटणारं पीठ हळूहळू तारेसारखं लांबायला लागतं. मग ओल्या फडक्याखाली तासभर विश्रांती.

चुलीवर मडकं पालथं. जळण बारीक काड्यांचं, कारण जाड लाकडाचा जाळ एका जागी लागतो आणि मडक्याच्या पोटाला सगळीकडून सारखी धग हवी. बाई तळहात ओले करते, मुठीएवढा गोळा घेते आणि या हातावरून त्या हातावर झेलायला लागते. दर झेलेला तो मोठा होतो, मनगटावरून कोपरापर्यंत लोंबायला लागतो, इतका पातळ की पलीकडचा जाळ दिसतो. मग एका झोकात मडक्यावर. मिनिटाच्या आत फोड येतात, कडा सुटतात, ती उचलून रुमालाच्या घडीसारखी दुमडून फडक्यात ठेवली जाते. मडकं पुरेसं तापलं नसेल तर पोळी त्याला धरून बसते, नवं कोरं मडकं असेल तरीही. म्हणून प्रत्येक घरी जुनं, काळं झालेलं मडकं जपून ठेवलेलं असतं आणि त्याला कुणी दुसऱ्या कामाला हात लावत नाही. मांडे उघडे राहिले तर पाच मिनिटांत पापडासारखे तडकतात. फडक्यातच राहू द्या, एकेक काढून खा. पाटवडीच्या रश्शाबरोबर किंवा मटणाबरोबर. उन्हाळ्यात मांडे आमरसाबरोबर मागा, त्यासारखं दुसरं काही नाही.

हे काम सगळ्यांना येत नाही. बऱ्याच मुक्कामांच्या ठिकाणी ते करणारी बाई गावातून बोलवतात, तिला आदल्या दिवशी निरोप जावा लागतो. तिच्या कामाचे वेगळे पैसे द्यायला कुरकुर करू नका.

गोळाभाताचं नाव काढलं की तांदळाचं नाव काढावंच लागतं. पूर्व विदर्भ हा धानाचा मुलूख, आणि ‘एचएमटी’ हा तांदूळ याच चंद्रपूर जिल्ह्यातला. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये पटेल-३ या धानाच्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचं बी वेगळं राखलं आणि वर्षानुवर्षं निवड करत हे वाण उभं केलं. तेव्हा लोकप्रिय असलेल्या घड्याळाचं नाव त्याला मिळालं. २०१८ मध्ये दादाजी गेले. त्यांचा तांदूळ त्यांच्याच जिल्ह्यात खायला मिळत असताना बासमतीचा पुलाव मागू नये, असं मला मनापासून वाटतं.

गोळाभाताला वर्षभर जुना तांदूळ हवा, नवा चिकट होतो. दोन वाट्या तांदळाला एक वाटी हरभऱ्याच्या डाळीचा भरडा. बेसन घेतलं तर गोळे दगड होतात, तेव्हा भरडाच. त्यात हळद, भिवापुरी मिरचीचं तिखट, हिंग, जिरं, मीठ, दोन डाव गरम तेल आणि पाण्याचा हबका. गोळे लिंबाएवढे, हलक्या हाताने वळलेले. दाबून वळले तर आतून शिजत नाहीत. भाताचं पाणी जवळजवळ आटलं, वर वाफेची छिद्रं दिसायला लागली की गोळे भातावर ठेवायचे, झाकण घालायचं, गंजाखालचा (पातेल्याखालचा) जाळ ओढून घ्यायचा आणि झाकणावर चार निखारे ठेवायचे. पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. लवकर टाकले तर गोळे विरघळून भाताची खिचडी होते. ताटात गोळा फोडायचा, भातात कालवायचा आणि वरून मोहरी, हिंग, लाल मिरचीची तेलाची फोडणी कडकडीत. ही फोडणी वाटीत वेगळी येते आणि तीच या जेवणाचा जीव. सोबत ताकाची कढी. कमी तेल खाणाऱ्यांनीही एकदा दोन चमचे तरी घ्यावं, नाहीतर भरड्याचा कोरडेपणा जाणवतो.

भरिताचं थोडक्यात. किलोभर वांगी पाच जणांना पुरतात. वांग्याला सुरीने दोन-तीन टोचे मारलेच पाहिजेत, नाहीतर जाळात फुटतं. तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा भडक जाळ, दहा-बारा मिनिटं फिरवत. सोलताना पाण्याखाली धरायचं नाही. साल सुटत नाही म्हणून नळाखाली धरलं की सगळा भाजल्याचा वास वाहून जातो. मिरच्या आणि लसूणही त्याच जाळात भाजून, सगळं लाकडी बडगीत चेचून, कांद्याची पात, भाजलेले शेंगदाणे, कोथिंबीर आणि वरून कच्चं फल्लीतेल (शेंगदाण्याचं तेल). हिवाळ्यात याच्या शेजारी सोलेवांगी मागा. तुरीच्या ओल्या दाण्यांचे ते दिवस डिसेंबर-जानेवारीतच असतात आणि पटकन संपतात. पोपटाच्या (वालाच्या) शेंगांची उसळही त्याच दिवसांतली.

जवसाची चटणी प्रत्येक जेवणात असू द्या. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचा, करपला तर चटणी कडू होते. मग लाल मिरची, लसूण, मीठ घालून कुटायची. ही चटणी फार दिवस टिकत नाही, जवसाच्या तेलाला महिनाभरात खवट वास यायला लागतो. घरी न्यायला विकत घेणार असाल तर कधी कुटली ते विचारा.

गावरान कोंबडी मागवताना वेळ धरून चला. ब्रॉयलर अर्ध्या तासात शिजतो, अंगणात फिरलेली कोंबडी चुलीवर दीड तास तरी घेते, कोंबडा वयस्क असेल तर त्याहून जास्त. तासाभरात ‘गावरान’ ताटात आली तर ती गावरान नाही. मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या काळातले) आणि बोड्या (शेतातली छोटी तळी) हे पूर्व विदर्भाचं वैभव, त्यांतले मरळ, रोहू आणि लहान झिंगे कुणाकडे आले असतील तर नशीब समजा. झिंगे वाळवलेलेही मिळतात आणि वांग्यात फार छान लागतात.

तिखटाबद्दल एक व्यावहारिक सूचना. ‘तिखट कमी’ हे मसाला परतण्याआधी सांगायचं. सावजी पद्धतीच्या रश्शाचा तिखटपणा वाटलेल्या मसाल्यातच असतो, नंतर फक्त पाणी वाढवता येतं आणि त्याने रस्सा बिघडतो. उत्तम मार्ग म्हणजे तर्री वेगळी काढून ठेवायला सांगणं. ज्याला हवी तो वरून घेईल, मुलांना आणि आजी-आजोबांना खालचा रस्सा. कांदा-लसूण न खाणारे कुणी असतील तर तेही बुकिंग करतानाच सांगा, कारण वाटण बहुतेक एकदाच, सगळ्यांचं मिळून होतं.

मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. गावातली माणसं अंधार असतानाच ती वेचायला जातात, आणि अस्वलंही त्यासाठीच येतात. वेचायला गेलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले याच दिवसांत होतात. ताटात मोहाची पुरी आली तर तिच्यामागे ही पहाट आहे हे ठाऊक असू द्या, आणि हौसेपोटी स्वतः वेचायला जाऊ नका. पुरीसाठी वाळवलेली फुलं आतले केसर झटकून साफ करतात, उकडतात, कुटतात आणि त्यातच कणीक मळतात. गूळ घालायची गरज पडत नाही. तेल फार तापलं तर मोहातली साखर लगेच जळते, म्हणून आच मध्यम.

पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, गाभा बंद असतो पण बफरमधल्या काही फाटकांतून फेऱ्या चालू राहतात. खाण्यासाठी येणाऱ्याने हाच काळ निवडावा. काटवलं (करटोली), तरोट्याचा (टाकळ्याचा) कोवळा पाला, कुड्याची फुलं, बांबूचे वास्ते (कोवळे कोंब), सात्या. वास्ते कच्चे खायचे नसतात, त्यांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. पातळ चिरून रात्रभर पाण्यात ठेवतात, सकाळी उकळून ते पाणी फेकतात आणि मगच फोडणीला टाकतात. स्वयंपाकघरात कडवट वास्ते आले तर पाणी फेकलेलं नाही असं समजून बाजूला ठेवा. सात्या म्हणजे वारुळावर येणारी अळिंबी. ती गावातल्या जाणत्या माणसाने आणलेलीच खावी. फेरफटक्यात दिसलेली कुठलीही अळिंबी तोडून काकूंच्या हातात देऊ नका, त्यांनाही नाही म्हणायला संकोच वाटतो.

खोलीत खाणं ठेवायचं नाही, हा नियम सगळीकडे सांगतात आणि लोक हमखास मोडतात. पिशवीतली केळी आणि बिस्किटं वानरांना खिडकीबाहेरून कळतात. एकदा सवय लागली की ती टोळी त्या खोलीचं दार सोडत नाही. मोठा प्रश्न खरकट्याचा आहे. उघड्यावर टाकलेल्या अन्नावर कुत्री आणि रानडुकरं येतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. जागा बघताना स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला एक चक्कर मारा. झाकण असलेले पिंप, झाकलेला खतखड्डा दिसला तर यजमान जाणते आहेत. खरकट्याचा ढीग आणि भोवती कुत्री दिसली तर रात्री जेवणाच्या ओट्यापासून खोलीपर्यंत एकट्याने चालू नका, बॅटरी आणि सोबत घेऊनच जा. ताटात हवं तेवढंच वाढून घेणं हा या सगळ्यावरचा सगळ्यात सोपा उपाय.

निघताना बक्षिशी गाइड आणि जिप्सीचालकाला आठवणीने दिली जाते, चुलीजवळच्या माणसांना मात्र क्वचित. काउंटरवर दिली तर ती सगळ्यांपर्यंत पोचतेच असं नाही. स्वयंपाकघरात जाऊन द्या, आणि कोणता पदार्थ आवडला ते नाव घेऊन सांगा. पुढच्या पाहुण्याला पनीर ऐवजी अंबाडी विचारायची हिंमत त्यांना त्यातूनच येते. जवस, लाखोळीची डाळ, एचएमटी तांदूळ किंवा भिवापुरी मिरची घरी न्यायची असेल तर त्यांनाच विचारा, गावात कुणाकडे यंदाचं चांगलं आहे ते त्यांना माहीत असतं. तांदूळ मात्र जुना मागा, आणि मिरची देठासकट घ्या, देठ काढलेली प्रवासात लवकर दमट होते.